बुजवलेला झरोका

कासुर्डीत झुंबरबाईंना सगळा गाव जिजी म्हणतो. नात्यानं त्या माझ्या चुलतसासू. त्यांच्या आणि आमच्या घरामध्ये एक बोळ तेवढा, त्यामुळं त्यांच्याकडं काय शिजलं आणि काय फिसकटलं हे मला न विचारता कळतं. मालक गेले तेव्हा पदरात एकुलता एक विक्रम. कांदा, फ्लॉवर, पाणी असेल तेव्हा ऊस, असं करत जिजींनी जमीनही सांभाळली आणि पोरगंही.

विक्रमला शेतीत गोडी नव्हती. यवतपासून पुण्यापर्यंत कारखाने आणि गोडाऊनं वाढली, परगावची माणसं भाड्यानं जागा शोधत फिरू लागली, तसं त्यानं घराला लागूनच असलेल्या हायवेजवळच्या तुकड्यात खोल्यांची रांग उठवली. दोन खोल्या, मागं न्हाणी. प्रत्येक न्हाणीत गॅसचा गिझर. गिझर असला की बिऱ्हाड लवकर मिळतं, हे त्यानं हेरलं होतं. गिझर मालकाचा, सिलेंडर भाडेकरूचा, असा त्याचा नियम.

जिजींचा जीव त्या बिऱ्हाडांत. कुणाच्या घरी भाजी नाही, कुणाची बाई अवघडलेली आहे, सगळं त्यांना ठाऊक. त्यातल्या त्यात सीमाशी त्यांचं फार जमायचं. सीमा शिरूर तालुक्यातली. तिचा नवरा रोहिदास एका गोडाऊनात फोर्कलिफ्ट चालवायचा, आणि मुलगी वैष्णवी बी.कॉम. करून यवतला मेडिकलच्या दुकानात काम करायची. हुशार, हसतमुख पोरगी. निमोण्याच्या पोपटरावांच्या मुलाशी, पप्पूशी, तिचं जमलं होतं. सुपारीही फुटली होती.

गेल्या उन्हाळ्यात विक्रमनं खोल्यांच्या मागं हायवेकडं तोंड करून पत्र्याचे गाळे बांधले. जागा वाया जाऊ नये म्हणून गाळ्यांची मागची भिंत त्यानं न्हाण्यांच्या भिंतीला अगदी चिकटवून घेतली. न्हाण्यांना बाहेरची हवा येत होती ती त्याच बाजूच्या झरोक्यांतून. ते विटा लावून बुजवले, आतून गिलावा केला, वर पांढरा रंग. नव्या माणसाला तिथं कधी झरोका होता हे कळलंही नसतं.

सीमानं त्याला दोनदा सांगितलं. दुसऱ्या वेळी मी तिथंच उभी होते.

"दादा, न्हाणीत लई कोंडतं आता. गिझर चालू केला की डोकं गरगरतंय."

विक्रम मोबाईलमधून मान वर न काढता म्हणाला, "दार जरा उघडं ठेवून आंघोळ करायची, वहिनी. त्यात काय एवढं?"

बाईमाणसानं दार उघडं ठेवून आंघोळ करायची! दारासमोर स्वयंपाकाची खोली, त्यापुढं रस्ता, आणि रस्त्यावर गोडाऊनाची येणारी-जाणारी माणसं. हे ज्याला सुचतं त्यानं स्वतःची बायको, अनिता, तशी आंघोळीला पाठवून बघावी. सीमा बादली उचलून आत गेली. भाड्याच्या घरात राहणारं माणूस किती गिळतं, ते तिच्याकडं बघून मला कळलं.

थंडी पडली तसे गिझर जास्त वेळ चालू लागले. एका रविवारी सकाळी जिजी सीमाच्या ओट्यावर मेथी निवडत बसल्या होत्या. वैष्णवी केस धुवायला न्हाणीत गेली होती. मी बोळातून चालले होते, तर जिजींचा आवाज आला.

"सीमा, पोरगी कवाची आत गेलीय गं? नुसतं पाणीच पडतंय. तांब्याचा आवाज न्हाई."

सीमानं दार वाजवलं. हाक मारली. आतून उत्तर नाही. ती दारावर मुठी आपटायला लागली तोवर जिजी उठल्या होत्या. गाळ्यांच्या कामाची पहार भिंतीला टेकून होती, ती त्यांनी उचलली आणि कडीच्या जागी घातली. दाराचं फळकुट मोडलं. आत गिझर भकभकत होता, नळ चालू होता, आणि वैष्णवी भिंतीशी मुटकुळं होऊन पडली होती. डोळे अर्धे उघडे, तोंडाला फेस.

आत शिरताच जिजींनाही भोवळ आल्यासारखं झालं. तरी त्यांनी आणि सीमानं तिला काखेत हात घालून बाहेर ओढलं. मी चादर टाकली. शेजारच्या बिऱ्हाडातल्या माणसानं गाडी काढली आणि आम्ही हायवेवरचा दवाखाना गाठला.

तिथं एक तरुण डॉक्टरीण होती. तिनं ऑक्सिजन लावला आणि पहिला प्रश्न विचारला तो हाच. "गिझर कुठं आहे? बाथरूमच्या आत? आणि खिडकी?"

सीमा नुसती रडत होती. उत्तर जिजींनी दिलं. "झरोका व्हता. आमच्या पोरानं बुजवला."

"आजी, बंद जागेत गॅस जळत राहिला की हवा विषारी होते," डॉक्टरीण म्हणाली. "त्या विषाला वास नसतो. माणूस गुंगत जातं, ओरडायचंही भान राहत नाही. दर हिवाळ्यात आमच्याकडं अशा केस येतात. गिझर बाहेरच पाहिजे, आणि बाथरूमला हवा पाहिजे. वेळेत दार फोडलंत म्हणून ही वाचली."

संध्याकाळी वैष्णवीनं आईला ओळखलं. दोन्ही हातांनी डोकं दाबून ती पडून होती, सकाळचं काहीच तिला आठवत नव्हतं. पण पोरगी हाताला लागली. आम्ही सुटकेचा श्वास सोडतोय तोवर विक्रम आला. त्यानं रोहिदासला बाजूला घेतलं. मला वाटलं, आता हा माणूस हात जोडेल.

"रोहिदास, हिला फिट येती का रे?" विक्रमनं विचारलं. "तोंडाला फेस व्हता म्हणं. आसं आसंल तर जागा घ्यायच्या आधी सांगायला पाहिजे व्हतं."

रोहिदास गडबडला. "न्हाई हो, कवाच न्हाई."

"मग आता सुरू झाली आसंल," विक्रम म्हणाला आणि निघून गेला.

डॉक्टरीण सगळं नीट समजावून सांगते आहे, आणि हा मालक व्हरांड्यात उभा राहून पोरीला आजार चिकटवतो आहे! का, तर बाकीच्या बिऱ्हाडांनी घाबरून जाऊ नये, गाळे घेणाऱ्यानं मागं फिरू नये, पोलिसांनी दार वाजवू नये. रोहिदासनं तक्रारीचा विषय काढला तेव्हा चौघांनी त्याचीच समजूत घातली. पोरगी वाचली ना, मग तक्रार कसली? जणू पोरगी मेली असती तरच बोलायची परवानगी होती.

ती 'फिट' मग यवतच्या चहाच्या टपरीवर गेली, तिथून बाजारात, आणि बाजारातून भीमा ओलांडून निमोण्याला. वैष्णवी घरी येऊन अंथरुणातून उठतेय न उठतेय तोच पोपटरावांचा रोहिदासला फोन आला. "साखरपुड्याचं जरा थांबू. आमच्या कानावर काही वेगळंच आलंय."

सीमानं जिजींना हे सांगितलं तेव्हा ती रडली नाही. कोरड्या डोळ्यांनी म्हणाली, "जिजी, गुदमरली ती माझी पोरगी, आन् डागही तिलाच."

जिजी तडक घरी आल्या. विक्रम जेवत होता. बोळाच्या अलीकडं मला शब्दन् शब्द ऐकू येत होता.

"फिटचं कुणी उठवलं?"

"आई, तू यात पडू नको. लोक दोन दिवसांनी इसरत्यात."

"लोक इसरतील रं. त्या पोरीचं लग्न मोडलं, ते कोण इसरल?"

"सिलेंडर त्यांचा, गॅस त्यांचा, गिझर चालू त्यांनी केला. जबाबदारी त्यांची. माझा काय संबंध?"

"सिलेंडर त्यांचा. पण भिंत कुणाची? झरोका कुणी बुजवला? ती बाई दोनदा सांगून गेली तवा तू काय म्हणलास? दार उघडं ठेवून आंघोळ करा! माझ्या पोटचा पोरगा एका बाईला आसं बोलला, हे मी कुणाला सांगू?"

"हळू बोल. भाडेकरू ऐकत्यात."

"ऐकू दे की! त्यांना ऐकवायलाच बोलतीय मी."

विक्रम ताट सरकवून उठला. दुसऱ्या दिवशी तो कामासाठी पुण्याला गेला आणि जिजींनी गवंड्याला बोलावून घेतलं. गाळे त्यानंच बांधले होते. जिजी त्याला म्हणाल्या, "ही मागची भिंत पाड. दोन हात आत घे. मधल्या जागेवरचा पत्रा काप. न्हाण्यांचे झरोके मोकळे कर, आन् सगळे गिझर आतनं काढून त्या उघड्या जागंत लाव."

गवंडी चपापला. "जिजी, मालकांना एकदा फोन लावू का?"

"मालक तुझ्यासमोर उभा हाय. जमीन माझ्या नावावर हाय. घे हातोडा."

तो तरी घुटमळत राहिला. मग जिजींनी पुन्हा तीच पहार उचलली आणि पहिला घाव स्वतः घातला. एक वीट पडली. बिऱ्हाडांतल्या बाया दारांत येऊन उभ्या राहिल्या, जे पुरुष रजेवर होते तेही आले. एकानं घमेलं उचललं, दुसऱ्यानं फावडं. दिवस कलला तेव्हा सीमाच्या न्हाणीत मागच्या बाजूनं ऊन आलं होतं.

विक्रम परतला आणि ते बघून वेड्यासारखा ओरडला. गाळे आता आखूड झाले, घ्यायला तयार झालेला हार्डवेअरवाला घेणार नाही, गावात हसं झालं. जिजी ओट्यावर बसून ऐकत होत्या. तो थकला तेव्हा म्हणाल्या, "हार्डवेअरवाला गेला तर दुसरा यील. चल, जेवून घे."

तो जेवला नाही.

भिंतीचं झालं, पण डाग तसाच होता. जिजी मला म्हणाल्या, "सूनबाई, निमोण्याला चलतीस का माझ्यासंगं?" आम्ही यवतहून चौफुल्याला आणि तिथून न्हावऱ्याच्या गाडीनं निघालो. वाटेत त्या खिडकीतून दोन्ही बाजूंचा ऊस बघत राहिल्या.

पोपटरावांचं घर मोठं, पुढं फरशीचा ओटा, ओट्यावर कांद्याच्या पिशव्या. त्यांनी खुर्च्या दिल्या, त्यांच्या बायकोनं, कस्तुराबाईंनी, चहा आणला. जिजींनी चहाला हात लावला नाही.

"मी वैष्णवीची घरमालकीण," त्या म्हणाल्या. "तिला फिट न्हाई. कवा आली न्हाई. आमच्या न्हाणीला हवा नव्हती, गिझरच्या गॅसनं ती पडली. दार मी फोडलं, डॉक्टरचं मी ऐकलं. झरोका माझ्या पोरानं बुजवला आन् फिटचं बी त्यानंच उठवलं."

पोपटरावांनी हातातला कप खाली ठेवला. "मावशी, पोटच्या पोराच्या विरोधात बोलायला इतक्या लांब आलात?"

"विरोधात न्हाई. झालं तेवढंच सांगायला आले."

"तुमचं खरं मानलं. पण लोकांच्या तोंडाला कोण हात लावणार? पुण्याच्या मोठ्या डॉक्टरकडनं पोरीच्या डोक्याचा फोटो काढू, फिट न्हाई आसं लिहून घिऊ. मग पुढचं बघू."

कस्तुराबाई दारातून म्हणाल्या, "उगंच नंतर कटकट नको."

तेव्हा जिजी त्यांच्याकडं वळल्या. "तुमच्या पप्पूच्या डोक्याचा फोटो काढलाय का? न्हाई ना? मग जी मरता मरता वाचली तिनंच दाखला आणायचा व्हय? आन् ज्यानं तिला मरणाच्या दारात नेली, त्यानं काय आणायचं?"

पोपटरावांनी मान खाली घातली, पण शब्द बदलला नाही. आम्ही उठलो. चहा तसाच राहिला.

परत आल्यावर जिजींनी सीमाच्या घरी सगळं जसंच्या तसं सांगितलं. रोहिदास म्हणाला, "काढू की फोटो. त्यात काय जातंय?" त्याची चूक नव्हती. मोडलेली सोयरीक जुळते आहे, एवढंच त्याला दिसत होतं.

वैष्णवी पलंगावर बसून होती. ती म्हणाली, "अप्पा, मला डोकं दुखतंय का हे त्यांनी एकदाही विचारलं नाही. माझ्यात खोट आहे का एवढंच विचारलं. मला तिथं जायचं नाही." नंतर पप्पूचे फोन आले. तिनं एकच उचलला. "वडलांसमोर बोललास का?" एवढं विचारलं. तो अडखळला तसा तिनं फोन ठेवला.

सीमाचं बिऱ्हाड महिनाअखेरीस यवतला हललं. वरच्या मजल्यावरची जागा, न्हाणीला मोठी खिडकी. जिजींनी राहा म्हणून गळ घातली, पण सीमा म्हणाली, "जिजी, तुमच्यासाठी राहिले असते. पण त्या न्हाणीत आता मला पाऊल टाकवत नाही." वैष्णवीचं डोकं पुढं बरेच दिवस दुखत होतं. आता ती पुन्हा दुकानात जाते. लग्नाचं कुणी काढलं तर आईलाच गप्प करते.

विक्रम आईशी कामापुरतं बोलतो. फिटचं खोटं होतं, हे त्यानं आजवर कुणासमोर कबूल केलेलं नाही. गाळे एका भाजीवाल्यानं आणि एका पंक्चरवाल्यानं घेतले, तेव्हा नुकसानही काही फार झालं नाही.

ग्रामसभेत जिजींनी उभं राहून विचारलं, की गावात एवढ्या खोल्या भाड्यानं जातात, त्यांतल्या किती न्हाण्यांत गिझर आत आहे आणि झरोका बुजलेला आहे, हे कुणी बघणार का? समोर बसलेले बरेचसे स्वतःच मालक. एक जण हसून म्हणाला, "जिजी, हा विषय आजच्या सभेत नाही." आणि सभा पाण्याच्या टाकीकडं वळली.

परवा आमच्या आळीत एकानं नव्या खोल्यांचं काम काढलं. जिजी तिथं जाऊन उभ्या राहिल्या आणि त्याला विचारलं, "न्हाणीचा झरोका कुठंय?"

"काकू, तुमचं काय जातंय?" तो म्हणाला.

"माझं काय जायचं ते गेलं," जिजी म्हणाल्या. "तू झरोका दाखव."