मथुरेने अडवलेला कौल

गावपळण संपू नये असं वाटणारी आमच्या अख्ख्या गावात एकटी मथुरा होती.

दर तीन-चार वर्षांनी देवाच्या हुकमाने सगळं गाव गुरं, कोंबड्या, कुत्र्यांसकट वेशीबाहेर राहायला जातं, ती गावपळण. देवाने परतीचा कौल दिल्याशिवाय आत पाऊल टाकायचं नाही. साल अठ्ठावन्नचं. वेशीपलीकडच्या काजूंच्या बागेत आम्ही झावळांची खोपटी घातली. लोकांनी सुपं-मडकी आणली, आमच्या सत्यवान गुरुजींनी शाळेचा फळा आणला आणि काजूच्या खोडाला टेकवला. लोक हसले. गुरुजी कुणाच्या हसण्याला भीक घालणारे नव्हते.

मथुरा शाळेत माझ्या शेजारी बसायची. तिसरीतून तिला आईने काढलं, कारण आई शेतावर गेली की तान्ह्या भावाला बघायला घरात दुसरं कोणी नव्हतं. बागेत शेतच नव्हतं. बाळ आईच्या मांडीवर आणि मथुरा पुन्हा माझ्या शेजारी. दोघींत एक पाटी, दुपारी एकाच करवंटीतली पेज. पाढे म्हणताना तिचा आवाज गुरांना बुजवायचा. ती शेजारी असली की मला गणितं येत. का ते मला कधी कळलं नाही, पण येत.

कौलाच्या सकाळी सगळे वेशीवरच्या देवळाशी जमले. मथुरेचे वडील दत्ताराम गावचे मानकरी, त्यांनी गाऱ्हाणं घातलं. देवाच्या पाषाणाला ओल्या पाकळ्या चिकटवल्या. उजवी पडली तर घरी जायचं, डावी पडली तर थांबायचं.

डावी पडली.

लोकांची तोंडं उतरली. तांदूळ संपत आले होते, पोरं खोकत होती. कुणीतरी गुपचूप वेस ओलांडली असणार अशी कुजबुज सुरू झाली आणि जो तो दुसऱ्याकडे संशयाने बघू लागला. त्या दिवशी मथुरेच्या तोंडून पाढा फुटेना. शेवटी तिने माझ्या कानात खरं काय ते सांगितलं. गप्प राहा, म्हटलं मी तिला.

ती राहिलीही असती. पण संध्याकाळपर्यंत सगळी बोटं काशीबाईकडे वळली. एकटी बाई, तिची शेळी चुकली होती, ती शोधायला हीच गावात शिरली असणार. काशीबाई रडून शपथा घेत होती आणि कोणी ऐकत नव्हतं. मथुरा उठली आणि वडिलांसमोर जाऊन उभी राहिली.

"बाबा, काशीबाय खंय गेली नाय. कौल दिव नको म्हणान देवाक मीच सांगितलंय. घराक गेल्यार माझी शाळा सुटतली."

दत्तारामकाका तिच्याकडे नुसते बघत राहिले. चार थोबाडीत दिल्या असत्या तरी मला बरं वाटलं असतं.

दुसऱ्या सकाळी पुन्हा गाऱ्हाणं. मथुरेने माझा हात इतका घट्ट धरला होता की बांगडी रुतली. काकांनी नारळ ठेवला, गावाचं, गुरांचं, शेताचं मागणं मागितलं. प्रत्येक मागण्याला लोक सवयीने होकार देत होते. मग काका थांबले.

"बा म्हाराजा, ह्या माझ्या चेडवान तुझो कौल अडवलो आसात, तर त्येका माफ कर. उद्यापासून ता शाळेत जातला. भावाक कडेर घेवन जातला, पण जातला."

"व्हय म्हाराजा!" सगळं गाव म्हणालं. आपण कशाला होकार दिला हे कळायच्या आत शब्द तोंडातून सुटले होते, आणि देवासमोर दिलेला शब्द कोण मागे घेणार? मथुरेची आईही त्यात होतीच.

उजवी पाकळी पडली. लोक बोचकी उचलून घरांकडे धावले. शाळा दुसऱ्या दिवशी भरणार होती. तरी मथुरा बाळाला कडेवर घेऊन थेट शाळेच्या पायरीवर जाऊन बसली, आणि मीही घरी न जाता तिच्या शेजारी बसले.