हाळी आणि डॅक

"मॅडम, कुठला डॅक चांगला?" असं कुणी विचारलं की माझं डोकंच फिरतं. अरे बाबा, कशासाठी ते सांग आधी! सुई चांगली की विळी, असं विचारतं का कुणी?

शिरवळच्या एका कारखान्यात मी यंत्रांचे कंट्रोल बोर्ड बनवते. डॅक म्हणजे आकडा घेऊन त्याचं व्होल्टेज करून देणारी चिप. भट्टीच्या व्हॉल्व्हला तो सावकाश असला तरी चालतो, पण आकडा चढला की व्होल्टेज चढलंच पाहिजे. मोटरला चटकन स्थिरावणारा लागतो. गाण्याबजावण्याचा डॅक आवाज लोण्यासारखा देतो, पण आकडा आत गेल्यावर बाहेर यायला अंमळ वेळ लावतो. तो मोटरला जोडला तर मोटर झोकांड्या खाते. हे सांगून सांगून माझ्या तोंडाला फेस आला. खरेदीवाल्यांचं आपलं एकच पालुपद, "महागातला घेतला की झालं ना?"

आई पलूसजवळ रानात एकटी. वडील जन्मभर फौजेत लांब राहिले, घरी आले आणि लवकरच गेले. मी एकुलती एक, इकडं भाड्याच्या खोलीत. शाळू हुरड्यात आला की आई पाखरं राखायला रानातल्या माळ्यावर, म्हणजे मचाणावर, चढायची आणि दिवसभर हाळ्या द्यायची. ओरडून ओरडून तिचा गळा बसला. डॉक्टर म्हणाले, आता ओरडायचं नाही. आईनं ते ऐकलं असतं तर ती माझी आई कसली!

मग मी एक डबा बनवला. तिचीच हाळी भरून घेतली, कारण तिच्या म्हणण्याप्रमाणं पाखरं फक्त तिलाच भ्यायची. माळ्यावर भोंगा बांधला. डॅक गाण्याचा लावला, चांगल्यातला चांगला. आईच्या आवाजात काटकसर कशाला? डबा पहिल्यांदा ओरडला तेव्हा आई दचकली. "आगं बया, मी तिकडं बी हाय की!" म्हणून पोट धरून हसली. पाखरांचा थवा भुर्रकन उठला.

पुढं मात्र फोनवर ती गप्प गप्प राहायला लागली. काय विचारलं तरी "बरं हाय" एवढंच. मला राहवेना, म्हणून रविवारी गेले.

आई बांधावर उभी होती. तिनं शेजारच्या रानाकडं तोंड करून हाळी दिली. तिकडं शेजारच्या काकी वाकून तण काढत, भांगलत होत्या. त्यांनी मान वर केली नाही. आईनं पुन्हा हाळी दिली. काही नाही.

"बगितलंस?" आई म्हणाली. "समद्यांला वाटतंय, डबाच वराडतोय."

आमच्याकडं हाळी कुणाचीही असो, ऐकणाऱ्यानं ओ द्यायची. ओ आली की मग लाईट आली का, म्हस व्याली का, असं बोलणं सुरू व्हायचं. आईचा दिवस त्यावर जायचा. डब्याला ओ देऊन देऊन लोक फसले, वैतागले, आणि मग त्यांनी ओ देणंच सोडलं. पाखरांबरोबर माणसंही उठून गेली होती.

"काढून टाकते," मी म्हणाले.

"आन् शाळू कोन राखंल? ऱ्हाऊ दे. सवय हुईल."

सवय हुईल! असा संताप आला मला. तिचा नाही, त्या गोड आवाजाचा.

पुढच्या रविवारी मी शिरवळहून आठ बिटांचा, अगदी साधा डॅक घेऊन गेले. तो आवाजाच्या नुसत्या पायऱ्या पाडतो. डबा असा खरखरला की आईनं कानावर हात ठेवले. "ह्यो माझा आवाज? मेल्या बेडकाचा हाय!" पाखरं मात्र उठली. त्यांना बिटांशी काय देणंघेणं!

डबा थांबला तशी आईनं तोंडाशी हात नेले आणि बसक्या गळ्यानं हाळी दिली.

"ओऽऽ!" शाळवापलीकडून काकींची ओ आली. "आक्का, तूच हाईस न्हवं?"

"मीच हाय गंऽ!" आईचे डोळे भरून आले होते. मग दोघींचं जे सुरू झालं ते थांबेना. कुणाची मोटर जळली, कुणाच्या सुनेला दिवस गेले. मी माळ्याच्या सावलीत बसून होते. मला बरं वाटत होतं, आणि तितकंच एकटंही. संध्याकाळी मला शिरवळची गाडी धरायची होती. तिथं मला सगळे मॅडम म्हणतात, आणि खोलीचं दार लावलं की तेही कुणी म्हणत नाही.

"लेक आलीया!" आईनं तिकडं सांगितलं.

"व्हय? पोरी ओऽऽऽ!"

मला अशी हाक कुणी मारून किती वर्षं झाली होती! मी उठले, तोंड उघडलं. गळ्यातून आवाजच फुटेना.

"पोरी ओऽऽऽ!"

आई माझ्याकडं वळली. "आगं," ती हळूच म्हणाली, "ओ दे की."