म्हसोबाच्या बनातला नारळ

आमच्या उसाच्या तालुक्यात जंगल आहे म्हटलं की पुण्याचे पाहुणे हसतात. हसू देत. कळस गावाच्या बाजूला भावकीच्या सामाईक जमिनीत म्हसोबाचं बन आहे. भर उन्हाळ्यात आत गेलं की अंगावर पदर ओढून घ्यावासा वाटतो. चिंचा, करंज, आणि एक वड. त्याचा मूळ बुंधा कुठला, हे सांगणारं आता कुणी उरलेलं नाही. तिथली वाळकी काटकीसुद्धा आम्ही चुलीला आणत नाही. लग्न होऊन आले तेव्हा मला हे खूळ वाटायचं. आता त्या बनात माझा जीव आहे, आणि ते सांगायला मला कसली लाज?

रस्ता मोठा झाला आणि दिरांच्या डोक्यात हॉटेल शिरलं. बन रस्त्याला लागून. ठेकेदारानं नकाशा दाखवला, भावकी माना डोलावून मोकळी झाली. मी एकटी नको म्हणत होते.

"वहिनी, तुमाला काय कळतंय धंद्यातलं!" दीर म्हणाले.

बरं म्हटलं. मला धंदा कळत नसेल, पण ही माणसं चांगली कळतात.

झाडं काढायला जेसीबी आला. सगळे जमले. ड्रायव्हर खाली उतरला, नारळ पुढं धरून म्हणाला, "घरच्या मानसानं नारळ फोडल्याबिगर मी मशीन लावत न्हाय."

झालं! तात्या, म्हणजे माझे चुलत सासरे, सगळ्यांत थोरले. त्यांना एकाएकी सुतक आठवलं. कुणाचं, ते काही सांगता येईना. माझ्या नवऱ्याचा खांदा अचानक आखडला. सकाळी याच खांद्यावरून त्यांनी ठिबकचे पाइप वाहिले होते. दीर म्हणाले, "थोरली मानसं असताना मी कसा फोडू?" नारळ या हातातून त्या हातात फिरत राहिला आणि मी करंजाखाली बसून पोट धरून हसले. शेवटी ड्रायव्हरच कंटाळला आणि मशीन घेऊन गेला.

दुपारी दीर आमच्याकडंच, माझ्या नवऱ्याशेजारी जेवायला बसले. भाकरी कुस्करत म्हणाले, "मंग बांधायचं कुठं? पोरगं हाटेलाचं शिकून आलंय. त्याला काय उसाला पानी धरायला लावू?"

माझं हसू तिथंच संपलं. पुतण्याचा प्रश्नही खरा होता. नुसतं नको म्हणायला काय लागतं?

"आमच्या वाटणीत बांधा, भावजी," मी म्हणाले. "रस्त्याकडच्या उसात."

नवऱ्याला मी विचारलं नव्हतं. तो आमचा सगळ्यांत चांगला तुकडा. माती काळीभोर, कॅनॉलचं पाणी पहिलं तिथं येतं. नवऱ्याचा घास हातातच राहिला. आता हे ताट सरकवून उठणार, असं मला वाटलं.

त्यांनी घास तोंडात घातला, सावकाश चावला आणि भावाला म्हणाले, "एवढा उभा खोडव्याचा ऊस कारखान्याला जाऊ दे. मंग बांध."