नापास विहिरींचे कुलगुरू

आमचे पाणीवाले सर विद्वत्तेमुळे कुलगुरू झाले, असं सगळीकडे छापून आलं. साफ खोटं आहे. विद्वत्ता होती, पण ती बिचारी कोपऱ्यात उभी होती. सरांच्या प्रत्येक बढतीमागे एक नापास झालेली विहीर आहे. नांदेडच्या कॉलेजात ते रसायनशास्त्र शिकवायचे आणि मी मराठी, म्हणून हे सगळं मी जवळून पाहिलं.

खांद्याला शबनम आणि तिच्यात बूच लावलेल्या बाटल्या. कुणाकडेही गेले की सर आधी पाणी मागत, एक घोट तोंडात धरत, डोळे मिटून मान छताकडे करत. तोवर यजमान श्वास रोखून बसलेला. मग निकाल, पास किंवा नापास. ग्रेस मार्कांची सोय नाही. नंतर प्रयोगशाळेत तपासलं तरी निकाल तोच यायचा. माझ्या भाच्यासाठी मुदखेडला मुलगी बघायला जाताना वजनदार माणूस हवा म्हणून मी त्यांना सोबत नेलं. मुलीच्या वडिलांनी भीतभीत विचारलं, कसं काय वाटलं? सर म्हणाले, “मुलगी पास. पाणी नापास.” परतताना गाडी सुटायच्या वेळी ते स्टेशनच्या नळाचा नमुना घ्यायला उतरले आणि फलाटावरच राहिले. दुसऱ्या दिवशी भेटले तेव्हा आनंदात होते, कारण नमुना मिळाला होता. लग्न झालं, पण सर येणार म्हटलं की आमची भाचेसून अजून हंडा घासायला घेते.

बहात्तरच्या दुष्काळात वसतिगृहाची विहीर तळाला गेली आणि सरांनी ती नापास केली. प्राचार्यांनी परोपरीनं समजावलं की दुसरं पाणीच नाही. दुसरं नाही म्हणून हे पास कसं होईल, एवढंच सर विचारत राहिले. शेवटी टँकर आला आणि सर कागदपत्रांत अडकावेत म्हणून त्यांना विभागप्रमुख केलं. पुढे लातूर नवा जिल्हा झाला. नव्या कलेक्टरसाहेबांच्या स्वागताच्या पंगतीत सरांनी पहिला घोट घेऊन मान हलवली आणि साहेबांसकट सगळ्या ओळीनं पेले खाली ठेवले. महिन्याभरात संस्थेनं त्यांना तिकडच्याच एका आडगावी प्राचार्य करून धाडलं. जिथे जात तिथल्यांना हा माणूस वर जावा असं मनापासून वाटे. असं वर जाता जाता ते कुलगुरू झाले.

मग शिरूर अनंतपाळजवळच्या त्यांच्या गावानं सत्कार ठरवला; मीही सोबत जाणार होतो. सरांचं घर बौद्ध. लहानपणी गावच्या विहिरीला त्यांनी हात लावायचा नाही, असा रिवाज होता. त्यांची माय ओढ्यात झिरा उकरून वाटीवाटीनं पाणी भरायची आणि पलीकडच्या विहिरीचं पाणी साखरेवाणी आहे असं ऐकत राहायची. आता ती थकली होती, प्रवास झेपत नव्हता. तिनं लेकाला एवढंच सांगितलं, “शाल-नारळ ऱ्हाऊ दे. त्या हिरीचं पानी आन माझ्यासाठी.”

सरपंचांनी बाटलीबंद पाणी पुढे केलं, तर सर हारासकट विहिरीकडे चालू लागले. सूट घातलेल्या कुलगुरूंनी स्वतः पोहरा सोडला, ओढला, घोट घेतला, डोळे मिटले. मग मला चाखायला दिलं. खारट ढोण, वर शेवाळाचा वास. “नापास,” ते माझ्या कानात म्हणाले, तरी त्यांनी बाटली भरून घेतली. गाडीत मी विचारलं, मायला काय सांगणार? ते म्हणाले, “नमुना जसा हाय तसंच सांगावं लागंल.” मला त्यांचा इतका राग कधी आला नव्हता. मायनं साठ वर्षं जपलेली साखर हा माणूस एका शब्दात नासवणार होता.

बंगल्यावर मायनं पेला दोन्ही हातांत धरला आणि सावकाश, थेंबही न सांडता, रिकामा केला. पदरानं तोंड पुसलं.

“लई गोड हाय रं,” ती म्हणाली. “म्हनूनच देत नव्हते.” मग तिनं लेकाकडे बघितलं. “तुझं काय म्हननं?”

सरांनी बाटलीतला उरलेला घोट तोंडात घेतला. डोळे मिटले, मान छताकडे केली. या वेळी नेहमीपेक्षा जरा जास्तच वेळ लागला.

“पास हाय, माय.”

सरांच्या हातून निघालेला तेवढा एकच खोटा अहवाल. त्यावर मी डोळे झाकून सही केली असती.