नॉर्थ कॅरोलायनात अम्मांची चौकड्यांची साडी

तुळू लोकांच्या संमेलनाला जायचं हे अम्मांनी ठरवलं. अम्मा म्हणजे माझ्या सासूबाई. मूळच्या उडुपीजवळच्या, पण जन्म ठाण्यात काढलेला, त्यामुळे माझ्याशी मराठीतच बोलतात आणि मराठीतच रागावतात. आमच्याकडे डब्लिनला, म्हणजे ओहायोतल्या, येऊन त्यांना तीन महिने झाले होते. "तुळू बोलायला भिंतीसुद्धा नाहीत इथे," त्या म्हणाल्या. झालं, माझ्या नवऱ्याने, सुकेशने, रजा टाकली.

संमेलन नॉर्थ कॅरोलायनात, रॉलीला. डब्लिनहून तिथे ड्राइव्ह करत आठेक तास लागतात. वेस्ट व्हर्जिनियातला घाट सुंदर आहे, पण टोल पुन्हा पुन्हा येतो आणि चहा कुठेच नीट मिळत नाही. थर्मास भरूनच निघा. मला मात्र घाट दिसलाच नाही. माझ्या मांडीवर कोरी रोट्टीचा डबा होता. हे तांदळाचे कागदासारखे कुरकुरीत पापुद्रे, त्यावर कोंबडीचा रस्सा ओतून खातात.

"हलू नकोस, मोडतील," अम्मा मागून म्हणाल्या.

"अम्मा, रश्श्यात बुडवायच्या आधी मोडतातच ना?"

"आपण मोडायच्या. गाडीने नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी हॉलच्या दारात पोचलो तर सगळ्या बायका क्रीम रंगाच्या, सोनेरी काठाच्या साड्यांत. अम्मांनी उडुपीची हातमागाची सुती साडी नेसली होती, निळ्या चौकड्यांची. दीक्षा नावाची आयोजक मुलगी हातात टॅब घेऊन धावत आली. न्यू जर्सीत जन्मलेली, आता रॉलीतच राहणारी, तिशीच्या आतली. ग्रुप फोटोची थीम क्रीम-गोल्ड आहे, तेव्हा आंटींनी मागच्या रांगेत उभं राहावं, असं तिने इंग्रजीत अगदी गोड आवाजात सांगितलं.

"त्या सगळ्यांची साडी केरळची आहे. आमची नाही," अम्मा मला म्हणाल्या आणि फोटो सोडून खुर्चीवर जाऊन बसल्या.

मी भांडायला निघाले तर सुकेशने हात धरला. जेवणात नीर डोसे होते, आपल्या घावनासारखे, पण ट्रेमध्ये एकमेकांना चिकटून त्यांची उशी झाली होती. शेजारी पनीर. आठ तास गाडी चालवून पनीर.

जेवताना दीक्षा आमच्या टेबलाशी आली तेव्हा अम्मांनी तिला तुळूत काहीतरी विचारलं. ती नुसती हसली. सुकेशने इंग्रजीत सांगितलं, "तुझी आजी कुठली, असं विचारतेय."

"कापू," ती म्हणाली. हे उडुपीजवळचंच गाव. मग अम्मांच्या पदराचं टोक तिने दोन बोटांत धरलं आणि बराच वेळ सोडलं नाही. आजीची अशीच एक साडी तिच्याकडे होती. घरात नेसायची साधी साडी समजून तिने ती कपाटात तशीच ठेवली होती.

रॉलीत राहायला घेतलेलं भाड्याचं घर रविवारी अकराला सोडायचं होतं. मी बॅगा भरत असताना बेल वाजली. दारात दीक्षा, हातात साडीची घडी. नेसवून द्याल का, हे विचारायला आली होती.

अम्मांनी घडी उलगडली. "खळ नाही, इस्त्री नाही. अशी ठेवतात?" मग जीन्स आणि टीशर्टवरूनच त्यांनी तिला साडी नेसवली, निऱ्या दोनदा सोडून पुन्हा घातल्या. दीक्षा आरशासमोर उभी राहून रडत होती आणि मी घड्याळ बघत होते. त्यानंतर अम्मांनी तिच्यासाठी नीर डोसे घालायला घेतले. ओला तवा, सकाळच्या उरलेल्या पिठाचं भांडं, सगळं मी बॅगेतून परत बाहेर काढलं. घरमालकाचे दोन मेसेज येऊन गेले होते. उशिराचे पैसे भरावे लागले.

खरं सांगायचं तर संमेलनासाठी एवढ्या लांब जाऊ नका. फोटोसाठी तर नकोच.

आता दर रविवारी जेवणाच्या वेळी दीक्षाचा व्हिडिओ कॉल येतो. अम्मा ओरडून तुळू शिकवतात आणि मला माझ्याच स्वयंपाकघरात फोन घेता येत नाही. गेल्या रविवारी अम्मा अंघोळीला गेल्या होत्या, म्हणून मी उचलला.

"वनस् आंडा?" दीक्षाने विचारलं. जेवण झालं का.

"आंड," मी म्हणाले. झालं.

पुढचं तुळू दोघींनाही येत नव्हतं. पण इंग्रजीत बोलावंसं कुणालाच वाटलं नाही, म्हणून अम्मा बाहेर येईपर्यंत आम्ही एकमेकींकडे बघत बसलो.