लीड्सचा जावई तारकर्लीत मराठी बोलतो तेव्हा

तारकर्लीला जायचं ठरलं ते समुद्रासाठी नाही आणि माशांसाठीही नाही. (मासे खाल्ले. भरपूर खाल्ले.) ठरलं ते आतेमुळे.

माझी बहीण शिल्पा इंग्लंडमध्ये लीड्सला असते. दोन वर्षांपूर्वी तिने तिथल्याच टॉमशी लग्न केलं. तारकर्लीच्या आतेला, म्हणजे आमच्या वडिलांच्या थोरल्या बहिणीला, गोरा जावई चालला असता. ज्याच्याशी दोन शब्द बोलता येत नाहीत असा जावई मात्र चालेना. "माझ्यावांगडा बोलाक शिकलो काय हाड तेका," असं शिल्पाला सांगून तिने फोन ठेवला. म्हणजे, माझ्याशी बोलायला शिकला की आण त्याला. त्यानंतर ती शिल्पाच्या फोनवर आलीच नाही. मे महिन्याच्या सगळ्या सुट्ट्या जिच्याकडे काढल्या तिनेच असं केल्यावर शिल्पा किती रडली असेल ते सांगायला नको.

टॉमने मनावर घेतलं. तोवर त्याचं आयुष्य एका इंग्रजीवर मजेत चाललं होतं. कुठेही जा, समोरचा आधीच इंग्रजी शिकून बसलेला! तरी तो वर्षभर ऑनलाइन मराठी शिकला. गुरुजी पुण्याचे, निवृत्त आणि कमालीचे शुद्ध. आम्हा दोघा भावंडांच्या एक गोष्ट लक्षातच आली नाही: आते मालवणी बोलते. आम्हाला ती लहानपणापासून कळते, त्यामुळे ती वेगळी आहे हे कधी जाणवलंच नव्हतं.

पुण्याहून पहाटे निघालो. कोल्हापूर, राधानगरी, फोंडा घाट, मग कणकवली आणि कसाल. जाणार असाल तर घाट चालू आहे ना, हे आधी विचारून घ्या. मालवणच्या अलीकडे कट्टा गावात चहासाठी थांबलो. टॉम थेट गल्ल्यापाशी गेला आणि हात जोडून म्हणाला, "कृपया आम्हांस तीन चहा देण्याची तसदी घ्याल का?"

मालकाने त्याला नीट न्याहाळलं. "तसदी नाय," तो म्हणाला. "भजी आसत."

भजी उत्तम होती.

आते अंगणातच उभी होती. टॉमने वाकून नमस्कार केला आणि गाडीत घोकलेलं भाषण सुरू केलं. "आदरणीय आतेसासूबाई, आपल्या दर्शनाने मी कृतकृत्य झालो आहे. आपली प्रकृती कशी आहे?"

आतेने शेवटपर्यंत ऐकलं. मग माझ्याकडे वळून विचारलं, "ह्यो बातम्यो वाचता काय रे?"

आता तिची पाळी. "वाटेत कसलो त्रास नाय मा झालो? भूक लागली आसतली. हातपाय धुवन् येवा," ती टॉमला म्हणाली. टॉमचा चेहरा रेंज गेलेल्या फोनसारखा झाला. "क्षमस्व?" तो म्हणाला. आतेने मान हलवली आणि ती आत गेली. जेवायला वाढलं, सोलकढी तीनदा विचारली, पण सगळं माझ्यामार्फत. शिल्पा समोर बसून बांगडा चिवडत राहिली. रात्री आम्ही जवळच्याच घरगुती लॉजवर मुक्काम केला. खोल्या साध्या, स्वच्छ, खिशाला परवडणाऱ्या. बाथरूममध्ये बेडूक मोफत.

दुसऱ्या दिवशी वातावरण निवळावं म्हणून विजयदुर्गला गेलो. आचरा, देवगडमार्गे वळणावळणाचा रस्ता आहे, पोट गच्च भरून निघू नका. किल्ल्यावर एक गाइड भेटला. तो टॉमशी इंग्रजीत बोले आणि टॉम त्याला मराठीत उत्तर देई.

"धिस वॉल व्हेरी ओल्ड, सर."

"ही तटबंदी अत्यंत भव्य आहे."

"थँक्यू, सर. सी धिस साइड ऑल्सो."

तासभर दोघांपैकी एकही मागे हटला नाही. शेवटी गाइड माझ्या कानात म्हणाला, "साहेबांका इंग्लिश येणा नाय काय?"

परत येताना मालवणच्या बाजारात शिरलो. एका मासळीवालीने टॉमला हाक मारली, "काय रे मेल्या, बांगडे व्हये?"

टॉम जागीच थबकला. "मेला म्हणजे मरण पावला," तो हळूच मला म्हणाला. "मी कधी मरण पावलो?"

मी सांगितलं, इथे हे रागानेही म्हणतात आणि प्रेमानेही, पण परक्याला सहसा नाही. त्यावर तो इतका खूश झाला की बांगडे घेऊन टाकले. लॉजवर स्वयंपाकघर नव्हतं, हे नंतर आठवलं. मग तिथेच एका टोपलीवर बसून तो बायकांचं बोलणं ऐकत राहिला आणि मधूनमधून पुटपुटत राहिला. संध्याकाळपर्यंत त्याच्या अंगाला असा वास येऊ लागला की शिल्पाने गाडीच्या चारही काचा खाली केल्या.

तिसऱ्या दिवशी सकाळी तेच बांगडे (लॉजवाल्याने फ्रीजमध्ये ठेवले होते) घेऊन आम्ही आतेकडे गेलो. ती पडवीत नारळ खोवत बसली होती. टॉमने पिशवी खाली ठेवली, कमरेवर हात ठेवले आणि खणखणीत आवाजात विचारलं, "काय गो मेल्ये, जेवलंस?"

शिल्पाने डोळे मिटून घेतले. आतेच्या हातातली नारळाची कवड घरंगळत अंगणात गेली.

"मेल्ये कोणाक म्हणतंस रे मेल्या?" आते कडाडली. "सासू मी तुझी! आणि सकाळी नऊ वाजता कोण जेवता?"

टॉमने टुणकन उडी मारली. "समाजला! माका समाजला!"

आतेने हसू दाबून पाहिलं. जमलं नाही. पदराने डोळे पुसत हसली, मग पुन्हा ओरडायला लागली: उन्हात टोपी का नाही घातली, बांगडे घेताना बघून का नाही घेतले, इतका बारीक का. अर्धं टॉमला कळलं, अर्ध्याला तो नुसताच "होय गो" म्हणाला. मग ती एकदम शिल्पाकडे वळली. "आणि तू गो? थंय कित्या उभी? ये हंय." शिल्पा गेली आणि तिच्या खांद्यात तोंड खुपसून मोठ्याने रडली. आते तिला थोपटत होती. तिच्या हाताला लागलेलं खोबरं शिल्पाच्या सगळ्या केसांत गेलं.

मुंबईच्या विमानतळावर सोडताना मी टॉमला विचारलं, एवढी खटपट कशाला केलीस? आतेसाठी दुभाषी मी होतोच की. तो म्हणाला, "इंग्रजीत सगळे माझ्याशी गोड बोलतात. दोन मिनिटं. मग वळून आपापसात बोलायला लागतात आणि खरी मजा तिकडे चालते. मला कुणी कधी ओरडत नाही."

पुण्यात परत येऊन दोन महिने झाले. गाडीतला वास गेला. टॉमचं वाक्य मात्र गेलं नाही. गेल्या रविवारी मी धीर करून आतेला फोन लावला आणि आयुष्यात पहिल्यांदाच तिच्याशी मालवणीत बोलायला लागलो. तिने तीन वाक्यं सहन केली.

"तू रवांदे," ती म्हणाली. "टॉमाक फोन लाव."