डिकी न उघडता दिलेला रिपोर्ट

"सर, मग ही झरझर माझ्या गाण्यातच आहे का?" टेरेलने विचारलं.

मी घड्याळ पाहिलं. अडीच वाजले होते. चार वाजता मला नव्वद मैलांवरच्या प्लांटमध्ये मीटिंगला पोचायचं होतं.

"बहुधा," मी म्हणालो. "बेस थोडा कमी करून पाहा."

२००३ च्या उन्हाळ्यात, अलाबामातल्या एका कार डीलरच्या सर्व्हिस बेमध्ये मी हे उत्तर दिलं. माझ्या शर्टवर कंपनीचं नाव होतं आणि हातात क्लिपबोर्ड होता. टेरेलने मान डोलावली. त्याने माझ्यावर विश्वास ठेवला.

मी काय काम करतो ते आधी सांगतो. गाडीतले नको असलेले आवाज शोधून ते बंद करणं हा माझा व्यवसाय. आमच्या खात्याचं नावच बझ, स्क्वीक अँड रॅटल असं आहे. मराठीत सांगायचं तर झरझर, करकर आणि खडखड. घरी मिक्सर लावला की मांडणीवरचं एखादंच भांडं वाजायला लागतं, बाकीची गप्प असतात. त्या भांड्याचा सूर मिक्सरच्या सुराशी जुळलेला असतो. गाडीतही तसंच होतं. हजारो सुटे भाग असतात, त्यातला एखादाच वाजतो. तो कुठला, हे शोधायचं. हात लावून दाबून पाहायचं, आवाज थांबला की भाग सापडला. पिंपरीत बारा वर्षं मी ट्रकवर हेच केलं आणि मग अमेरिकेत गाड्यांवर.

एकाच तक्रारीसाठी ग्राहक तिसऱ्यांदा आला, तर प्लांटच्या इंजिनिअरने स्वतः जाऊन पाहायचं, असा आमचा नियम होता. टेरेल तिसऱ्यांदा आला होता. गाडी साधी, चार दारांची, दीड वर्षाची. मागून झरझर येते अशी तक्रार.

सर्व्हिस मॅनेजर वेनने मला आधीच बाजूला घेतलं. "तुझा वेळ वाया जाणार आहे. ही पोरं डिकीत कपाटाएवढे स्पीकर बसवतात आणि मग म्हणतात गाडी वाजते."

टेरेल पंचविशीचा असेल. उंच, काळा, हळू बोलणारा. गाडीच्या चाकांना चकचकीत रिम लावलेल्या होत्या. "फॅक्टरीतून स्पेशालिस्ट आला," तो हसून म्हणाला, "म्हणजे आजार मोठा दिसतोय."

त्याने मला पुढच्या सीटवर बसवून सीडी लावली. त्याचा चार जणांचा रॅप ग्रुप होता. ती गाणी दुकानात मिळत नव्हती. कार वॉश, न्हाव्यांची दुकानं, रविवारचा बाजार अशा ठिकाणी ते स्वतः सीडी विकायचे. आसपासच्या तीन-चार गावांत त्यांचं नाव झालं होतं, बाहेर कुणालाच माहीत नव्हतं. आता अटलांटाच्या एका मोठ्या कंपनीने त्यांच्याकडून एक नवं गाणं मागवलं होतं.

बेस म्हणजे गाण्यातला सगळ्यात खालचा आवाज, कानापेक्षा छातीला जास्त कळणारा. तो आला की मागून झरझर यायची. मलाही ती स्वच्छ ऐकू आली.

"मी माझी मिक्स, म्हणजे सगळे आवाज जुळवून तयार केलेलं गाणं, या गाडीत तपासतो, सर," तो म्हणाला. "इकडे लोक गाणं गाडीतच ऐकतात. स्टुडिओत ही झरझर ऐकू येत नाही, पण स्टुडिओ म्हणजे माझ्या मावशीचं गॅरेज आहे. गाडी खरी की गॅरेज खरं, तेच कळत नाही. गाणं पाठवायला दहा दिवस उरलेत."

"मागे स्पीकर कुठले बसवलेत?"

"काही बसवलेलं नाही. कंपनीचाच स्टिरिओ आहे."

त्याच्या पाठीमागे वेन डोळे मिचकावत होता.

"डिकी भरलेली आहे," टेरेल म्हणाला. "रिकामी करू का? दहा मिनिटं लागतील."

"गरज नाही," मी म्हणालो.

ते दोन शब्द मी पुढे फार वेळा आठवले आहेत. झरझर मागून येत असेल तर मागची सीट काढून, डिकीतून आत शिरून पाहायचं असतं. हे मी नव्या इंजिनिअर्सना शिकवत होतो. मीटिंगची घाई होती हे खरं. पण घाई नसती तरी मी डिकी उघडली असती का, असं स्वतःला विचारलं की उत्तर आवडत नाही. त्या रिम पाहून आणि त्या मुलाला पाहून, आत काय असणार हे मी ठरवून टाकलं होतं. आमच्या मराठी लोकांच्या पॉटलकला, म्हणजे प्रत्येकाने एकेक पदार्थ आणायच्या जेवणाला, असल्या पोरांबद्दल जे बोललं जायचं, ते मी वर्षानुवर्षं ऐकत होतो. कधी कुणाला अडवलं नव्हतं.

रिपोर्टमध्ये मी लिहिलं: गाडीत दोष आढळला नाही. ग्राहकाने बसवलेल्या साउंड सिस्टिममुळे आवाज. वॉरंटी लागू नाही. सही केली. चारच्या मीटिंगला वेळेवर पोचलो.

सात आठवड्यांनी प्लांटमध्ये एक नवी गाडी माझ्यासमोर आली. रोज लाइनवरून उतरलेल्या काही गाड्या आम्ही बाजूला काढतो आणि त्यांच्या स्टिरिओवर खालून वर चढत जाणारा एक सलग सूर वाजवतो. त्याला स्वीप म्हणतात. सूर एका जागी आला आणि मागून झरझर सुरू झाली. मी ओळखली. माणसाचा खोकला ओळखावा तशी ओळखली.

मागच्या काचेखाली एक फळी असते, तिला पार्सल शेल्फ म्हणतात. तिथेच तिसरा ब्रेक लाइट बसवलेला असतो. त्याची पट्टी दोन प्लॅस्टिक क्लिपांवर टेकते. डावी क्लिप नीट बसलेलीच नव्हती. जुने रेकॉर्ड काढून पाहिले. पावणेदोन वर्षांपूर्वी पुरवठादाराने क्लिप बदलली होती, आणि तेव्हापासूनच्या किती गाड्यांत ती अर्धवट बसली होती कोण जाणे.

मी माझ्या बॉसकडे, ग्लेनकडे गेलो. ग्लेन साठीचा, टेनेसीचा, कमी बोलणारा.

"डीलरकडची एक केस परत उघडायची आहे."

त्याने फाइल पाहिली. "ही तर बंद आहे. तूच बंद केलीस. आफ्टरमार्केट, बाहेरून बसवलेले स्पीकर."

"स्पीकर नव्हते बहुतेक."

"बहुतेक? तू तपासलं होतंस ना?"

"नाही."

"मग काय तपासलंस?"

"घड्याळ."

ग्लेनने चष्मा काढला. "हे लिहून दिलंस तर तुझ्या फाइलला लागेल. माझ्या हातात नाही ते."

मी लगेच "चालेल" म्हणालो असं लिहायला मला आवडलं असतं. तसं झालं नाही. माझं ग्रीन कार्ड कंपनीमार्फत व्हायचं होतं, पेपर अर्ध्यावर होते. मी दोन दिवस घेतले. रात्री जेवताना बायकोला, सुनीताला, सगळं सांगितलं.

"म्हणजे तू त्याला त्याचं गाणं बदलायला सांगितलंस?" तिने विचारलं.

"कमी कर म्हटलं."

"आणि त्याने केलं असेल तर?"

क्लिपचा विचार मी दोन दिवस करत होतो. गाण्याचा केलाच नव्हता. दुसऱ्या दिवशी सकाळी मी ग्लेनला लेखी पत्र दिलं आणि डीलरकडून टेरेलचा नंबर घेतला.

तो शनिवारी एका कार वॉशवर भेटला. मी टूलबॉक्स, दोन नव्या क्लिप आणि चिकटपट्टीसारखी मिळणारी फेल्टची पट्टी घेऊन गेलो होतो. या वेळी मी स्वतःच म्हणालो, "डिकी उघडूया."

आत सीडींचे खोके होते. अकरा खोके. ते आम्ही दोघांनी काढून फुटपाथवर ठेवले. स्पीकर एकही नव्हता. मी मागची सीट काढली, आत शिरलो, ब्रेक लाइटच्या पट्टीला बोट लावलं. डावी बाजू लटकत होती.

"ही बघ," मी म्हणालो. "झरझर हीच. तुझ्या गाण्यात काही नव्हतं."

तो वाकून बराच वेळ पाहत राहिला. "मग त्या दिवशी ही दिसली नाही?"

"त्या दिवशी मी पाहिलंच नाही. डिकीत स्पीकर असणार असं धरून चाललो आणि तसं लिहून दिलं."

"स्पीकर नाहीत असं मी सांगितलं होतं."

"हो. सांगितलं होतंस."

तो सरळ उभा राहिला. ओरडला असता तर मला बरं वाटलं असतं. तो हळूच बोलला.

"मी आठवडाभर ते गाणं कापत बसलो, मिस्टर अवि. बेस काढला, झरझर जाईना, म्हणून आणखी काढला. मार्कसशी भांडलो. मार्कस म्हणजे माझा मावसभाऊ, आमच्यातला चौथा. तो म्हणत होता, गाडी खोटं बोलतेय. मी म्हटलं, अरे, फॅक्टरीचा माणूस सांगतोय."

"पाठवलंस ते गाणं?"

"पाठवलं. ते म्हणाले, शब्द चांगले आहेत, पण गाण्याला पोट नाही. नंतर फोन उचलत नाहीत. मार्कस मागच्या महिन्यात टेक्ससला गेला, ट्रक चालवायला."

मी म्हणालो, "सॉरी." इतक्या छोट्या शब्दाने काय होणार होतं. मग मी जे येतं ते केलं. दोन्ही क्लिप बदलल्या, पट्टीखाली फेल्ट लावलं, सीट बसवली. वीस मिनिटं लागली.

"जुनी मिक्स आहे का? कापायच्या आधीची?"

ती त्याच्याकडे होती. त्याने लावली. बेस आला. गाडीचा आरसा थरथरला, माझ्या पायाखालचं कार्पेट थरथरलं, पण मागे शांत. शेजारी गाडी धुणाऱ्या माणसाने पाइप बाजूला केला आणि विचारलं, "हे तुझं? मग आजवर ते पाण्यासारखं का वाजवत होतास?"

"स्पेशालिस्टने पथ्यावर ठेवलं होतं," टेरेल म्हणाला.

तो माणूस खो खो हसला. मी हसलो नाही, पण जरा श्वास घेतला.

टेरेलने गाणं तीनदा वाजवलं. तिसऱ्यांदा तो अचानक पुढे झुकला. "थांबा. दुसऱ्या कडव्यात ड्रम उशिरा येतोय. हा माझा घोटाळा आहे. त्या झरझरीखाली दबला होता." त्याने तळहातावर पेनने काहीतरी लिहून ठेवलं. एक खोटा दोष निघाला की त्यामागचा खरा ऐकू येतो. हे मी ट्रकमध्ये, गाड्यांमध्ये शेकडो वेळा अनुभवलं होतं. त्या मुलाला ते कुणी शिकवलेलं नव्हतं.

त्याने ड्रम दुरुस्त केला, बेस परत घातला, आणि अटलांटाला काहीच पाठवलं नाही. गाणं मॉन्टगोमेरीतल्या एका क्लबच्या डीजेला दिलं. तिथून ते एका लोकल रेडिओवर गेलं, मग बर्मिंगहॅम, मग मेम्फिस. मला हे फोनवर कळत राहिलं. टेरेल महिन्या-दोन महिन्यांनी फोन करायचा. सुरुवातीला मला वाटायचं, गाडीची काही तक्रार असेल. तक्रार नसायची. "मिस्टर अवि, जॅक्सनमध्ये लोक शब्द पाठ म्हणतायत," एवढंच सांगून तो ठेवायचा. पुढच्या वर्षी अटलांटाची तीच कंपनी त्याच्या मावशीच्या गॅरेजमध्ये आली. त्याआधी त्यांचा फोन टेरेलने दोन दिवस उचलला नाही म्हणे.

२००५ मध्ये एकदा मी मुलीला शाळेतून आणत होतो. ती तेरा वर्षांची. रेडिओवर गाणं लागलं आणि ती सगळे शब्द म्हणू लागली.

"हे माझ्या ओळखीचे आहेत," मी म्हणालो.

"Baba, stop," ती म्हणाली. "You don't know anybody."

त्या संध्याकाळी टेरेलने तिच्याशी फोनवर दोन मिनिटं बोलून माझी घरातली किंमत बरीच वाढवली.

ग्रुपचं नाव मी देत नाही. तुमच्या मुलांना बहुधा ठाऊक असेल. त्यांच्या देशभर विकल्या गेलेल्या सीडीवर तिघांचा फोटो आहे. मार्कसचा आवाज गाण्यात आहे, तो फोटोत नाही. मी एकदा टेरेलला विचारलंच, त्या सात आठवड्यांत गाणं पडलं नसतं तर तो थांबला असता का?

"त्याला मूल होणार होतं, मिस्टर अवि. तो जाणारच होता. सगळंच आपल्या नावावर लावून घेऊ नका."

हे खरं असेल. मला बरं वाटावं म्हणून तो तसं बोलला असंही असेल. मी नक्की ठरवू शकलेलो नाही, आणि आता ठरवायचा प्रयत्नही करत नाही.

प्लांटमध्ये त्या क्लिपचं डिझाइन बदललं. विकलेल्या गाड्या सर्व्हिसला आल्या की डीलरकडे नवी क्लिप बसवून द्यायची, असं पत्रक निघालं. माझ्या फाइलला एक कडक शब्दांतलं पत्र लागलं आणि त्या वर्षीची बढती गेली. ग्रीन कार्ड उशिरा का होईना, आलं. स्वीपनंतर आम्ही प्रत्येक गाडीत टेरेलचं तेच गाणंही वाजवू लागलो, कारण मागच्या भागाची इतकी कठीण परीक्षा दुसरं काही घेत नव्हतं. ग्लेन एरवी फक्त चर्चची गाणी ऐकायचा. "त्या मुलाची सीडी आण," असं तो स्वतःच म्हणायचा, आणि दुसऱ्या कडव्याला त्याची बोटं टेबलावर चालू लागायची.

आणखी एक झालं. आमच्या तपासणीच्या फॉर्ममध्ये "काय तपासलं" असा एक रकाना होता. माझ्या सांगण्यावरून ग्लेनने त्याखाली आणखी एक घातला: "काय तपासलं नाही". बहुतेक इंजिनिअर तो रिकामा ठेवतात. माझ्या फॉर्मवर तो आजवर कधी रिकामा गेलेला नाही.